चिंचेखालचा वायरलेस

सुभेदार रेवणसिद्धांना उंबरदरीत काय काय मिळत होतं, ते आधी पाहू. सकाळी तुपातला शिरा, दुपारी गावरान कोंबडी आणि रात्री उरलेली कोंबडी. झोपायला धम्मानंदांच्या नव्या खोलीतला पलंग, ज्याच्या गादीवरचं प्लास्टिक घरच्या माणसांनी अजून काढलं नव्हतं. येता-जाता पोरासोरांचे सॅल्यूट, चावडीवर पहिली खुर्ची, जीपला डिझेल. आणि येत्या रविवारी कोंडाबाईंचा पत्र्याचा डबा. बाकीचं सगळं पचून जाणारं होतं. समीक्षाचा जीव अडकला होता तो डब्यात.

बदल्यात सुभेदार काय देत होते? टर्रर्र. तेवढंच. पण ही टर्रर्र सरहद्दीपलीकडच्या तुरुंगातून येते, असं ते सांगत, आणि गाव ते मानत होतं.

पहिल्या शनिवारी समीक्षा नांदेडहून आली तेव्हा चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचणीचे दिवस, मजुरीला बाया मिळत नाहीत म्हणून सगळा हदगाव तालुका ओरडत होता, आणि त्या बाया इथं येऊन बसल्या होत्या. शेजारच्या वाड्यांवरून टमटम भरभरून येत होत्या. मधोमध एक घडीचं टेबल, त्यावर पालथा घातलेला पाणी प्यायचा जर्मनचा मग. टेबलापासून चार हात लांब सुभेदार उभे. हिरवी वर्दी, पिळाची मिशी, छातीवर पदकांची रांग, हात पाठीमागे. तोंडापुढे माइक. थोडं पलीकडे जीप, आणि जीपमध्ये त्यांचा ड्रायव्हर गुंडप्पा. त्याचं म्हणे मौनव्रत होतं. हात खिशात घालून तो झाडाच्या शेंड्याकडे बघत बसलेला असे.

"जय भीम!" सुभेदार गरजले. वस्तीनं जोरात जय भीम केला.

"मी बाबा नाही, बुवा नाही. उदबत्ती लावणार नाही, नारळ फोडणार नाही. तुम्ही देव मानत नाही, मीही मानत नाही. हे शुद्ध सायन्स आहे! कारगिलला मी दुश्मनच्या हाती सापडलो. जेलमध्ये शेजारच्या कोठडीत एक म्हातारा कैदी. भिंतीवर वाजवून बोलायचा. एकदा वाजवलं तर हो, दोनदा वाजवलं तर नाही. मी सुटलो, तो राहिला. पण आमचा वायरलेस चालू आहे! लान्स नाईक ग्यानोबा खिल्लारे, मेरी आवाज सुन रहे हो?"

चिंचेचं पान हललं नाही. टेबलावरचा मग थरथरला. टर्रर्र.

बायांनी तोंडावर पदर घेतले. पुढच्या रांगेत बसलेल्या कोंडाबाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई."

कोंडाबाई म्हणजे समीक्षाची आजी, आणि ग्यानोबा हे तिचे आजोबा. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिम सरहद्दीवर गेले आणि बेपत्ता झाले. प्रेत मिळालं नाही, कैद्यांच्या यादीत नाव आलं नाही. काही वर्षांनी सरकारनं त्यांना मृत समजलं. कोंडाबाईंनी काय समजायचं ते कुणी विचारलं नाही. पोटातलं पोर बापाविना जन्मलं. ते पोर म्हणजे धम्मानंद, समीक्षाचे वडील, आता नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरीला.

आणि या वस्तीची गंमत अशी की बुवाबाजीला तिथं थारा नव्हता. छप्पन सालानंतर आज्या-पणज्यांनी घरातले देव गोदावरीत सोडले होते. अंगात येणारी बाई इकडे फिरकायला भ्यायची. खुद्द धम्मानंदांनी एका भोंदूला हळद-चुन्याच्या रक्तासकट स्टेजवरून खाली ओढलं होतं. पण घरातून सगळे देव गेले तरी एक कोनाडा भरलेला राहिला. त्यात ग्यानोबांचा वर्दीतला फोटो होता. सुभेदार बरोबर त्याच कोनाड्यातून घरात शिरले.

"पप्पा, तुम्ही?" समीक्षानं घरी आल्या आल्या विचारलं. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज घरातही फळ्यापुढचा लागायचा. "तुम्ही त्या हळदवाल्याला ओढला होता ना खाली?"

"तो बुवा होता. हा फौजी हाय."

"फरक काय?"

"वर्दी दिसत न्हाई तुला? बुवा देवाचं नाव घेतो. हा तुझ्या आज्याचं घेऊन राहिला." धम्मानंदांनी कोनाड्यातल्या फोटोकडे बोट केलं. "मी बाप फोटोत बघितला, समीक्षा. आता त्यानं 'हो' म्हणलेलं ऐकलं मी. तू मध्ये बोलू नको."

समीक्षा बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. तिला बसवेना.

विजय दिवसाला शाळेपुढे ग्यानोबांच्या नावाचा दगड बसवायचा ठरलं होतं. दगड आलाही होता. सुभेदारांनी काम थांबवलं. "जित्या जवानाचा दगड उभारता? दुश्मन हसेल!" त्याऐवजी सुटकेची हालचाल करायची. त्यासाठी ओळख पटवायला लागणार ग्यानोबांचं पदक, शेवटचं अंतर्देशीय पत्र आणि नंबराचे कागद. म्हणजेच कोंडाबाईंचा डबा.

"झेरॉक्स चालेल का?" समीक्षानं विचारलं होतं.

सुभेदारांनी माइकवरच उत्तर दिलं. "मॅडम म्हणतात, दुश्मनला झेरॉक्स दाखवा! देशाच्या इज्जतीची झेरॉक्स निघत नाही, मॅडम." टाळ्या पडल्या. समीक्षाचे कान लाल झाले.

पण एक गोष्ट तिच्या डोक्यात किड्यासारखी वळवळत राहिली. उंबरदरी दरीत बसलेलं गाव. मोबाइलला रेंज म्हणाल तर सगळ्या गावात एकाच ठिकाणी, चिंचेखाली. लग्न जमलं, कुणी वारलं, पीकविम्याचा मेसेज आला, सगळं चिंचेखाली कळायचं. लोक झाडालाच 'रेंजची चिंच' म्हणत. तिथं रामलिंगकाकांनी चहाचा गाडा टाकला तो त्याच भरवशावर. मग सरहद्दीपलीकडचा कैदीही नेमका रेंजमध्येच का बोलतो?

पुढच्या रविवारी तिनं भर सभेत मागणी केली. "सुभेदारसाहेब, ऊन आहे. टेबल विहारात नेऊ या. सावलीत बसू."

सुभेदारांची मिशी किंचित हलली. पण लोकांनी टेबल उचललंच. विहारात सगळे दाटीवाटीनं बसले. सुभेदारांनी हाक दिली, परत दिली, हिंदीत दिली, इंग्रजीत दिली. टेबलावरचा मग गप्पच. समीक्षानं मोबाइल वर धरला. "बघा. इथं रेंज नाही आणि इथं आजोबाही नाहीत. याचा अर्थ काय?"

सभा विचारात पडली. सुभेदार घसा खाकरून म्हणाले, "अर्थ सरळ आहे, मॅडम. वायरलेसला रेंज लागते."

मग रामलिंगकाकांनी मांडीवर थाप मारली. "खरंच की! इथून आपला हदगावला फोन लागंना, मग पाकिस्तानचा कसा लागंल?"

विहार हसण्यानं दणाणलं. "मॅडम, सायन्स कच्चं हाय तुमचं!" कुणीतरी मागून ओरडलं. टेबल परत चिंचेखाली गेलं, त्यावरचा मग टरारला, आणि सुभेदारांच्या ताटात त्या दिवशी दोन तंगड्या पडल्या. रामलिंगकाकांना दोष तरी काय द्यायचा? त्यांचा चहा इतका कधी खपला नव्हता. खपणाऱ्या चहावर शंका घेणारा दुकानदार अजून जन्मायचाय.

डबा पुढच्या रविवारी द्यायचा होता. समीक्षानं शाळेत रजा टाकली आणि गावीच राहिली. कोंडाबाई ओसरीत बोंडांतून कापूस काढत बसलेल्या. त्या गुणगुणत होत्या, आणि समीक्षाला त्याचीच भीती वाटत होती. आजीला गुणगुणताना तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"आजी, हे सगळं खोटं निघालं तर?"

"निघंल तव्हा निघंल."

"डबा जाईल ना गं."

कोंडाबाईंनी बोंड फोडलं. "तुला एक सांगू का बाई? तो मग वाजला त्या दिवशी मला पहिल्यांदा तुझ्या आज्याचा राग आला. लई राग. मेलेल्या माणसावर रागावता येत न्हाई. लोक काय म्हणतील? शहिदाची बायको, अन् तोंड फुगवून बसली! आता हाय म्हणल्यावर बोलता येतं की. मला त्यांना एक इचारायचंय."

"काय?"

"ते माझं मी बघते." त्यांनी दुसरं बोंड घेतलं. "मला एवढं सांग, त्या मगाला खोटं बोलता येतं का?"

समीक्षानं विचार केला. इथं फळ्यापुढचा आवाज चालणार नव्हता. "मगाला नाही येत, आजी. पण त्याच्यामागं कुणी माणूस असेल, तर त्या माणसाला जेवढं ठाऊक, तेवढंच मग बोलणार. ठाऊक नसेल ते नाही बोलणार."

"अन् चुकीचं ठाऊक असंल तर?"

"तर चुकीचंच बोलेल."

कोंडाबाई पुन्हा कापूस काढायला लागल्या. पण आता गुणगुणत नव्हत्या.

रविवारी आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा जास्त गर्दी झाली. डबा टेबलावर मगाशेजारी ठेवला होता. धम्मानंद इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे. त्यांनी आधी दरवर्षीचं भाषण केलं, जे ते विजय दिवसाला शाळेत करत. "माझे वडील निघाले तेव्हा माझी माय हदगावच्या स्टँडवर उभी होती. एसटीच्या पायरीवरून ते वळले, उजवा हात वर केला आणि म्हणाले, येतो!" गेल्या वर्षी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. तो मोबाइलमधून पार लातूरपर्यंत फिरला होता. "साथींनो, तो हात अजून खाली आला नाही!"

टाळ्या थांबेनात. सुभेदारांनी डब्याकडे हात नेला.

"जरा दमा," कोंडाबाई म्हणाल्या. "डबा देते. पण आधी मला मालकाशी बोलायचंय."

"जरूर, माताजी! लाइन क्लियर आहे."

कोंडाबाई टेबलापुढे आल्या. सुभेदारांनी माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी पदर सारखा केला, जसा कुणी माणूस समोर असावा.

"आवं, तुमी गेलात त्या दिवशी मी ष्टँडवर आलते. आठवतं का?"

टर्रर्र.

"पायरीवरून वळून हात केला तुमी. मलाच केला न्हवं?"

टर्रर्र.

बाया मुसमुसायला लागल्या. धम्मानंदांनी चष्मा काढला.

"नीट आठवून सांगा. मी आलेच नसन, अन् तुमी दुसऱ्याच बाईला मी समजला असताल. असं तर न्हाई ना?"

टेबलावरचा मग दोनदा टरारला. म्हणजे, तसं नाही.

कोंडाबाईंनी डबा उचलून छातीशी धरला.

"मी ष्टँडवर गेलेच नव्हते," त्या म्हणाल्या. माइक तोंडापुढेच होता, त्यामुळे ते सगळ्या दरीनं ऐकलं. "आमचं भांडण झालतं. सुट्टी सरायच्या आत बोलावणं आलं. मी पोटुशी. म्हणलं, बाळंतपण होऊ द्या. ते म्हणले, जावंच लागतंय. मी तोंड फिरवून कापूस वेचायला रानात निघून गेले. ते कसे गेले, वळले का न्हाई वळले, मी काय पाहिलं?"

"माय!" धम्मानंद पुढे झाले. "अन् मग तो हात?"

"तू रोज इचारायचास बाबा, बाप जाताना काय बोलला. 'मला ठावं न्हाई' म्हणवत नव्हतं. मग मीच त्यांचा हात वर केला." त्या सुभेदारांकडे वळल्या. "हे या जगात मला एकटीला ठावं होतं, अन् त्यांना. ते असते तर पहिल्याच सवालाला मग 'न्हाई' म्हणला असता."

सुभेदार कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "माताजी, टॉर्चर... टॉर्चरनं कैद्याची याददाश्त जाते..."

पण आता मगच ऐकेना. एकदा नाही, दोनदा नाही, तो थांबायचंच विसरला. टर्रर्र टर्रर्र करत तो टेबलभर सरकला आणि कडेवरून खाली पडला. समीक्षा धावली. तिनं टेबल उचलून पालथं केलं.

फळीच्या पोटात खाच कोरलेली होती. खाचेत काळ्या टेपनं चिकटवलेला साधा बटनांचा मोबाइल, आवाज बंद, थरथर चालू. पडद्यावर फोन करणाऱ्याचं नाव उजळलं होतं: गुंडप्पा.

अख्खी सभा जीपकडे वळली. खिशातला हात बाहेर काढायचं राहून गेलेला गुंडप्पा पहिल्यांदाच बोलला. "मी नुसता ड्रायव्हर हाव हो! बटन दाबायचं तेवढं मला सांगितलंय!"

"बघा," समीक्षा म्हणाली. आवाज चढवायची गरज नव्हती. "यानं माइकवर बोलायचं. त्यानं जीपमधून ऐकायचं. एक फोन म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आज घाबरून त्याचं फोन कापायचं राहून गेलं. उत्तरं पप्पांच्या व्हिडिओतली. व्हिडिओत हात होता म्हणून मगानंही हात केला. आणि रेंज, काका, पाकिस्तानची नव्हे. जीपपासून टेबलापर्यंतची."

रामलिंगकाकांनी चहाच्या किटलीत डोकं घातल्यासारखं केलं.

मग जे व्हायचं तेच झालं. पोरं चपला काढून धावली. सुभेदारांची कॉलर आधी धम्मानंदांनी धरली. समीक्षा मध्ये पडली. "हात लावायचा नाही. मारलंत तर उद्या हाच फिर्याद देईल आणि आपण आत जाऊ. पोलीस येऊ द्या."

धम्मानंदांची मूठ सुटेना. कोंडाबाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मग त्या सुभेदारांच्या छातीकडे बघत राहिल्या. एक पदक त्यांनी चिमटीत धरलं आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. घरचं पदक त्यांनी असं कितीदा फिरवलं असेल. पदकाच्या कडेवर जवानाचं नाव आणि नंबर कोरलेला असतो.

"समीक्षा, वाच गं. हे कुणाचं?"

समीक्षानं वाचलं. कुणा शिपायाचं नाव होतं, रेवणसिद्ध नव्हे. दुसरं पदक दुसऱ्याचं, तिसरं तिसऱ्याचं. रांगेत एकाही पदकावर त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं.

"म्हणजे डबे हायत हे," कोंडाबाई म्हणाल्या. "माझ्यासारख्यांचे."

सुभेदार पहिल्यांदा खाली बसले. पोलीस आले तेव्हा कळलं की सुभेदार म्हणजे रेणापूरकडे मोबाइल दुरुस्तीचं दुकान बुडालेला एक माणूस. पलटण त्यानं फक्त प्रजासत्ताक दिनाला टीव्हीवर पाहिलेली. एका गावातून मिळवलेलं पदक छातीला लावायचं आणि त्याच्या जोरावर पुढच्या गावात डबा मागायचा, असा धंदा. फसवणुकीचा गुन्हा लागला, जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम लागलं.

विजय दिवसाला दगड बसला. त्यावर आधी 'लढता लढता धारातीर्थी पडले' असं कोरायचं ठरलं होतं. कोंडाबाईंनी ते बदलायला लावलं. "कुणी पाहिलंय?" आता दगडावर एवढंच आहे: लान्स नाईक ग्यानोबा खिल्लारे, १९७१ च्या युद्धात सीमेवर गेले, परत आले नाहीत. वाचणारा माणूस तिथं जास्त वेळ थांबतो.

त्या दिवशी धम्मानंद बोलायला उठले आणि तसेच खाली बसले. मग समीक्षा बोलली.

"जे गेले आणि परत आले नाहीत, ते जवान खरे आहेत. कैदेत कुणी कुजला असेल, तर त्याचं दुःखही खरं आहे. त्यांचं काय झालं हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ते सरकारला विचारा, लेखी विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. पण त्यांच्या नावानं कुणी चमत्कार घेऊन आला, तर तो देवाचं नाव घेतो की देशाचं, भगवा घालतो की हिरवी वर्दी, हे बघत बसू नका. सॅल्यूट नंतर. आधी टेबल पालथं करून बघा."

आता कुणी काय भरलं ते पाहू. सुभेदारानं काही दिवस कोठडीत काढले, पुढचं कोर्ट बघेल. गुंडप्पाचं मौनव्रत गेलं. रामलिंगकाकांचा चहा पुन्हा पहिल्याइतकाच खपतो. कोंबड्या किती गेल्या ते गाव अजून एकमेकांना सांगत नाही. पदकं समीक्षानं पोलिसांच्या मागे लागून ज्याच्या त्याच्या घरी पोचती करवली. धम्मानंदांना बापाचा वर केलेला हात द्यावा लागला, आणि त्यांच्याजवळ बापाचं तेवढंच होतं. परवा ते आईजवळ बसून विचारत होते, "माय, भांडणात ते नेमकं काय म्हणले होते?" तिनं सांगितलं. ऐकून दोघंही थोडं हसली.

सगळ्यांत मोठी रक्कम कोंडाबाईंच्या नावावर पडली. नवरा त्यांनी दोनदा दिला. पहिल्यांदा तो गेल्याचं सरकारनं कागद पाठवून कळवलं होतं. दुसऱ्यांदा ते कळवायला कुणी आलं नाही. त्यांनी स्वतःच उभं राहून माइकवर सांगितलं.